कापराच्या वासाची काच

नानासो इंगवल्यांचा विश्वास फक्त स्वतःच्या नाकावर होता. डोळे फसतात, कान दुसऱ्याच्या तोंडावर अवलंबून, पण नाक खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. म्हणायचा त्यांना हक्कही होता. तीस वर्षं त्यांनी सांगलीकडच्या एका जकात नाक्यावर गाड्या अडवण्यात घालवली होती. गोणी सोडायची नाही, गाडीवानाला काही विचारायचं नाही, नुसतं शिवणीपाशी नाक न्यायचं आणि सांगायचं, "वर हळद, खाली तंबाखू." तंबाखू निघायचीच. पेन्शन घेऊन ते औंधाजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा नाका मागे राहिला आणि नाक बरोबर आलं.

आता गावात जकात नाही. पण संशयाला तसा धंदा लागतो असं कुठं आहे? गवळ्यानं दूध घातलं की नानासो आधी वास घेत. शेजारणीनं "बरं हाय न्हवं?" म्हणून विचारलं की ते दिवसभर विचार करत बसत, हिनं आजच का विचारलं? लढाईच्या बातम्या वाचून दाखवल्या तर म्हणत, "छापलेलं हाय, म्हंजे कुणीतरी छापाय सांगितलं असणार." एकुलता एक मुलगा लालासाहेब ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता, त्यामुळे या शेवटच्या संशयाला घरात कोणी हसत नसे.

लालासाहेब दसऱ्याला गेला. त्याच दिवशी मनुबाईंनी यमाईला नवस बोलून अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात दिवा लावला. पोरगं घरी येईस्तोवर तो रात्रंदिवस तेवत ठेवायचा. आता वैशाख लागला होता आणि दोन महिने पोराचं पत्र नव्हतं. मनुबाई बोलत काही नव्हत्या. फक्त पूर्वी दिव्यात दिवसातून दोनदा तेल घालायच्या, ते आता चारदा घालायला लागल्या होत्या.

आमचं गाव माळावर. वैशाखात पश्चिमेचा वारा सुटला की डोक्यावरचं पागोटं राहत नाही, तिथं पणतीचं काय? म्हणून पणतीभोवती कंदिलाची काच उभी केलेली असे. ती काच नानासोंनी फोडली. दिव्याचा धूर जरा काळा येतोय असं त्यांना वाटलं, म्हणजे ज्ञानू वाण्यानं करडईच्या तेलात काहीतरी मिसळलं असणार. वास घ्यायला त्यांनी काच उचलली. तापलेली काच नुसत्या हातानं उचलली की जे होतं तेच झालं. दिवा कसाबसा वाचला. मनुबाईंनी तुकडे गोळा केले आणि एवढंच म्हणाल्या, "तेल चांगलं हुतं नव्हं?"

हे बोलणं नानासोंना चांगलंच झोंबलं. काच आपण फोडली, आपणच आणायची, असा त्यांनी पण केला. पण लढाईच्या दिवसांत कंदिलाची काच मिळायची म्हणजे वाघिणीचं दूध. औंधात नाही, विट्यात नाही. साताऱ्यातल्या एका दुकानदारानं, "तुमाला कुटं गावली तर आमाला बी एक आणा," म्हणून सांगितलं. तोवर मनुबाई वाऱ्याच्या बाजूला पदर धरून कोनाड्यापाशी बसून राहायच्या. भाकरी करायला उठल्या तर नानासोंना बसवून उठायच्या.

तेवढ्यात आकाराम रजेवर आला. हा शेजारच्या रंगुबाईंचा धाकटा दीर, लालासाहेबाच्या बरोबरीचा, पण लष्कराच्या मोटारींच्या कारखान्यात कामाला असल्यानं आघाडीपासून लांब. त्याला काचेची अडचण कळली आणि जायच्या आदल्या दिवशी तो गोणपाटात गुंडाळलेला एक गठ्ठा घेऊन आला.

"नाना, काच कशाला पायजे? ह्ये घ्या. आपटा, दगड हाणा, फुटायचं न्हाई."

गठ्ठ्यात तीन वस्तू होत्या. एक जाडजूड स्वच्छ पत्रा, आरपार दिसणारा. एक पातळ, वाकणारा, तोही आरपार. आणि एक तपकिरी डब्याचं झाकण, वीट ठोकावी तसं वाजणारं.

"काय हाय रं ह्ये?"

"पलाष्टीक म्हनत्यात, नाना. एक इमानाच्या खिडकीचं हाय, एक जीपच्या पडद्याचं, नि त्ये झाकण ब्याट्रीच्या खोक्याचं. कंचं कुटलं त्ये आता ध्यानात न्हाई. आमचा साहेब म्हनायचा, ह्यातलं एक लय आगीचं हाय, इस्तवापासनं लांब ठेवा. आनि एक उनात पिवळं पडून तुकडं पडत्यात."

"कंचं?"

आकारामनं डोकं खाजवलं. "त्येच इसारलो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं तो निघून गेला. आता त्याला विचारायची सोय नाही, आणि पत्रानं विचारावं तर पत्र वाचणारा मिल्ट्रीचा माणूस आधी विचारणार, माल आला कुठून?

नानासोंच्या डोक्यात हा किडा एकदा शिरला आणि मग त्यांना जेवण गोड लागेना. सरकारी माल बाळगला म्हणून आपल्याला धरलं तर? फुकट का दिला? आपला त्याच्यावर काय उपकार राहिलाय? शेवटी तीस वर्षं सरकारी दप्तरात घालवलेल्या माणसाला जे सुचणार तेच त्यांना सुचलं. त्यांनी कचेरीत अर्ज केला. 'इकडील इसमाकडे एक पदार्थ आला असून तो काच नव्हे, लाकूड नव्हे व कातडेही नव्हे. सदर पदार्थ घरी बाळगणे कायद्यास धरून आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.'

आठ दिवसांत उत्तर आलं. इतक्या लवकर उत्तर आलं म्हणून नानासोंना पहिला संशय उत्तराचाच आला. त्यात लिहिलं होतं, 'पदार्थाचे नाव कळविल्याखेरीज खुलासा करता येत नाही.' नानासोंनी कळवलं, नाव माहीत असतं तर अर्ज कशाला केला असता? त्यावर हुकूम आला की पदार्थाचा नमुना घेऊन समक्ष हजर व्हावे. म्हणजे माल आपल्यापाशी आहे हे आपणच आपल्या हातानं सिद्ध करून द्यायचं! नानासोंनी तो कागद घडी घालून देवाऱ्यामागं सरकवला आणि कानाला खडा लावला.

इकडे गावभर बभ्रा झालाच होता. सिद्धू गुरव सकाळी बेल वाटायला आला तो ओट्यावरच बसला. देवळाशी संबंध असल्यानं अंगणातल्या दिव्यावरही आपला थोडा अधिकार आहे, असं त्याला वाटे.

"नाना, आगीचं ऱ्हाऊ द्या बाजूला. ह्ये शिंगाचं हाय का हाडाचं, त्ये आदी बगा."

"हाडाचं कसं असंल? आरपार दिसतंय की."

"नखं बी पातळ केली की आरपार दिसत्यात. सायबाचं काय सांगावं? तुळशीजवळ हाड ठिवलं, नि त्ये बी आईच्या दिव्याला आडवं, तर मग कुटल्या तोंडानं लेकरू मागायचं?"

हे ऐकून आत भाकरी थापणाऱ्या मनुबाईंचा हात थांबला. नानासोंनी तो थांबलेला ऐकला. तिथून पुढं आगीचं कुठलं हा मुद्दा जो मागं पडला तो पडलाच. आता प्रश्न शुद्धतेचा झाला, आणि या प्रश्नाला गावातल्या प्रत्येकापाशी उत्तर होतं.

रंगुबाई म्हणाल्या, "म्हशीला चाटाय द्या. हाड आसंल तर म्हस तोंड फिरवंल." म्हशीनं तिन्ही चाटले आणि चौथं म्हणून नानासोंचं धोतर चाटलं. कुणी म्हणालं पाण्यात बुडवा, हाड बुडतं. तिन्ही बुडाले. कुणी म्हणालं रात्रभर दह्यात ठेवा. दही नासलं, पण ते त्या दिवशी उन्हानं सगळ्यांच्याच घरी नासलं होतं. नानासो हे सगळं मिशीतल्या मिशीत हसत पाहत होते. अडाणी लोक. नाक असताना म्हशीकडं जातात!

सोमवारी सकाळी त्यांनी ओट्यावर शेगडी मांडली आणि मनुबाईंची गोधडी शिवायची जाड सुई मागितली. हाड, शिंग, केस जाळल्यावर जो वास येतो तो त्यांनी नाक्यावर हजारदा घेतला होता. सुई तापवायची, वस्तूला टोचायची, धूर हुंगायचा. समोर सिद्धू, रंगुबाई आणि आळीतली पाच-सहा माणसं बसली. मनुबाई दारात उभ्या होत्या. शेगडीतले निखारे थोडे आणि विझत आलेले, पण गर्दी जमल्यावर पुन्हा कोळसा घालायला उठणं नानासोंना हलकं वाटलं.

सुई लाल करून त्यांनी आधी तपकिरी झाकणाला लावली. ती आत जाईना, नुसता डाग पडला. त्यांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "दवाखाना. कारबोलीक." हाड नव्हतं, पण दिव्याला दवाखान्याचा वास कशाला? झाकण बाद.

मग जाड पत्रा. सुई आत गेली, कड विरघळली आणि एक गोडसर वास आला. नानासोंनी डोळे मिटून पुन्हा हुंगलं. केळी पिकून सडत आली की जो वास सुटतो, तो. हा वास त्यांनी गुळाच्या ढेपांखाली लपवून आणलेल्या बाटल्यांतून घेतला होता.

"दारू," ते हळूच म्हणाले.

"आई गं!" रंगुबाई पदर तोंडाला लावून मागं सरकल्या.

"आनि दारू पेटती," नानासो आवाज चढवून म्हणाले. आगीचं कुठलं हा प्रश्नही एका फटक्यात सुटला होता. "आकारामाचा साहेब म्हनत हुता त्ये लय आगीचं, त्ये ह्येच. ह्येच्यात दारू मुरवल्याली हाय."

लोकांनी माना डोलावल्या. सिद्धूनं तर हात जोडले.

राहिला पातळ तुकडा. आता सुई जरा निवली होती, निखारेही बसले होते. नानासोंनी ती तशीच तिसऱ्या तुकड्यावर टेकवली आणि नाक खाली नेलं. बराच वेळ ते वर पाहीनात. मग त्यांनी तुकडा अंगठ्यानं चोळला, पुन्हा हुंगला आणि सिद्धूपुढं धरला.

सिद्धूनं वास घेतला. त्याचे डोळे भरून आले. "नाना, कापूर! आरतीचा कापूर!"

तुकडा हातोहात फिरला. खरंच कापराचा वास होता. दर पौर्णिमेला यमाईपुढं येतो तोच. मनुबाईंनी तो हातात घेतला, कपाळाला लावला आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. ते हसू पाहिल्यावर नानासोंना पुढं काही तपासावंसं वाटलं नाही. जन्मात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या वस्तूविषयी संशय उरला नव्हता. कापूर कशासाठी प्रसिद्ध आहे, हे आळीतल्या शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पण देवीच्या वासाला असले प्रश्न विचारायचे नसतात.

दारूवाला पत्रा रंगुबाई घेऊन गेल्या. त्यांनी तो कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला. आमच्या माळावरचं ऊन, पाऊस, गारा खाऊन तो पुढं कित्येक वर्षं तिथंच होता, ना पिवळा पडला, ना तडकला. कोंबड्या मात्र गावात बदनाम झाल्या.

कापराची काच नानासोंनी लाकडी पट्ट्या मारून कोनाड्याच्या तोंडावर बसवली. खाली दोन बोटं फट, वर तीन बोटं. दिवा आत शांत उभा राहिला. त्या दिवशी मनुबाई दुपारी घटकाभर पडल्या, ते पाहून नानासो अंगणात पाय न वाजवता फिरले.

तिसऱ्या दिवशी काचेच्या कडा पिवळ्या दिसायला लागल्या आणि मधे एक बारीक चीर पडली. आता आकाराम काय म्हणाला होता? पण नानासोंना आकाराम आठवला नाही, रंगुबाई आठवल्या. दारूचा पत्रा आपल्या वाट्याला आला म्हणून जळफळून हिनं हळदीचं पाणी शिंपडलं असणार! संध्याकाळी मनुबाई देवळात गेल्या. जाताना म्हणाल्या, "ध्यान ठेवा हां." वाटेवर कोणी नाही असं बघून नानासो कोनाड्याशी उकिडवे बसले. पिवळेपणाला हळदीचा वास येतो का, हे पाहायला त्यांनी नाक अगदी काचेला भिडवलं. नीट वास येईना, म्हणून चिरेपाशी बोटानं जरा दाबलं.

चीर कडकन फाटली, तुकडा आत वळला आणि ज्योतीला टेकला.

त्यानंतर जे झालं त्याला पेटणं म्हणता येणार नाही. पेटायला वेळ लागतो. फस्सकन एक भडका उठला, कोनाडा पांढरा झाला, मग काळा झाला, आणि नानासो पाठीवर पडले तेव्हा अंगणभर कापराचा असा घमघमाट सुटला होता की जणू यमाईची महाआरतीच झाली. तुळशीची खालची पानं करपली. नानासोंच्या डाव्या भुवईचं काही राहिलं नाही, आणि डावी मिशी, जिला ते तीस वर्षं रोज सकाळी खोबरेल लावत, ती मुळापासून गेली. उजवी जागच्या जागी पीळ देऊन उभी होती.

पण नानासोंचा हात मिशीकडं गेला नाही. त्यांनी पाहिलं ते कोनाड्यात. दिवा विझला होता.

त्यांची पाचावर धारण बसली. देवीवर आपला काही फार विश्वास नाही, असं ते सांगत आले होते. आता यमाईचं नाव घेत त्यांनी काड्या ओढल्या, चार वाया गेल्या. पाचवीनं वात धरली. तेवढ्यात मनुबाई फाटकातून आत आल्या. त्यांनी काळा कोनाडा पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"दिवा?"

"हाय की," नानासो म्हणाले. "जरा भडकला. इझला न्हाई."

तीस वर्षांत त्यांनी किती गाडीवानांचं खोटं पकडलं असेल, पण स्वतः बोलायची सवय नव्हती. मनुबाईंनी त्यांच्या पायाशी पडलेल्या विझलेल्या चार काड्यांकडं पाहिलं. मग त्या शेजारी येऊन बसल्या आणि पदरानं त्यांच्या तोंडावरची काजळी पुसायला लागल्या.

"आवं, इझला तर इझला. आजवर धा-बारा डाव इझलाय."

नानासोंनी त्यांचा हात तोंडावरून बाजूला केला.

"मार्गेसरात पयल्यांदा इझला. तवा मी लय रडले. परत लावला, कुनाला बोलले न्हाई. दुसऱ्या दिशी पोराचं पत्र आलं. तवाच वळखलं मी, आपला ल्योक काय ह्या पणतीवर जगत न्हाई."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगून? तुमी तेलाची चौकशी लावली आसती, वातीची लावली आसती. कचेरीत अर्ज केला आसता."

"आनि मग लावतीस कशापाई?"

मनुबाईंनी काडीनं वात सारखी केली. "नुसतं वाट बगत बसवत न्हाई वो. हाताला कायतरी पायजे."

सगळ्या जगाचा संशय घेतला आणि घरातल्या बाईचा कधी घेतला नाही, याचं नानासोंना वाईट वाटावं की बरं, ते कळेना. ते सरकून वाऱ्याच्या बाजूला बसले आणि धोतराचा सोगा आडवा धरला.

सकाळी कोंडीबा न्हावी न बोलावता आला. अशा बातम्या न्हाव्याला आधी लागतात. त्यानं धोकटी उघडली, वस्तरा पट्ट्यावर घासला आणि म्हणाला, "नाना, उजवी बी काढू या. म्हयन्याभरात दोनी सारख्या येतील. ह्ये असलं अर्धं त्वांड घेऊन औंधाच्या बाजाराला कसं जाणार तुमी?"

तोवर ओट्यावर माणसं जमलीच होती. सिद्धूनं तोंडात पदराऐवजी उपरणं कोंबलं होतं. रंगुबाई भिंतीवरून पाहत होत्या. मनुबाई तांब्या घेऊन दारात आल्या आणि कोंडीबाच्या हातातला वस्तरा पाहून तिथंच थांबल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

नानासोंनी तो पाहिला. आमच्याकडं बाप्या माणूस मिशी कधी उतरवतो, हे कुणाला सांगायला नको.

"ठेव तो वस्तरा धोकटीत," ते म्हणाले.

"आवं नाना, लोकं हसतील!"

"हसू देत." नानासो उठले, डोक्याला पागोटं बांधलं आणि उरलेल्या मिशीला नीट पीळ दिला. "सगळी काढली, तर कोन गेलं म्हनून इचारतील. आमच्या घरातलं कोन बी गेलेलं न्हाई."

आणि पिशवी घेऊन ते भर रस्त्यानं बाजाराला निघाले.